घासलेली भिंत

आमच्या शहरात बघण्यासारखं काय आहे, असं गावाकडचे पाहुणे विचारत, तेव्हा आई हसून म्हणायची, "कंपन्या बगा की. एकीची भिंत सपली की दुसरीची लागती." वडिलांना मात्र हा प्रश्न आवडायचा. ते लगेच उठून शर्ट बदलायला जात.

पिंपरीतल्या त्यांच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची. या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना तेव्हा गुरुवारीच सुट्टी असे. त्यामुळे बीडकडचे आमचे नातेवाईक बुधवारी संध्याकाळपर्यंत पोचत आणि गुरुवारी सकाळी वडील त्यांना घेऊन बाहेर पडत. आधी चिंचवड गावातलं नदीकाठचं समाधी मंदिर, तिथून चालत क्रांतिकारकांचा वाडा, मग बसने चाकणचा भुईकोट किल्ला. आम्ही बौद्ध. देवळात वडील हात जोडत नसत, पण चपला काढून बाजूला उभे राहत आणि घाटाच्या पायऱ्यांचे दगड एकमेकांत कसे बसवलेत ते पाहुण्यांना दाखवत. चाकणच्या किल्ल्यात दाखवण्यासारखं फारसं उरलेलं नाही. थोडी तटबंदी, एखादा बुरूज, खंदकात बाभळी आणि लोकांनी टाकलेला कचरा. पाहुणे कंटाळत. एकदा आमच्या आत्याने त्यांना तोंडावर सुनावलं होतं, "दादा, ह्या ढिगाऱ्यासाठी मला एवढ्या लांबून आनलंस व्हय रं?"

"ढिगारा न्हाई गं. इथं माणसं लढली."

"लढली आन् गेली. आता रसवंती कुठंय ते सांग."

वडील हसले आणि रस पाजायला घेऊन गेले. पण रस पिऊन झाल्यावर पुन्हा बसस्टॉपकडे निघाले, कारण शेवटचं ठिकाण राहिलं होतं. ते कधीच चुकत नसे.

तळेगावच्या बाजूला एका डोंगरात काही लेणी आहेत. त्यांचं नाव मी लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी काहींना ते ओळखू येईल, त्याला माझा इलाज नाही. स्तूप असलेलं एक चैत्य, भिक्खूंच्या राहण्याच्या चार-पाच खोल्या, खोल्यांत झोपायचे दगडी ओटे आणि बाहेर पाण्याचं टाकं. वडील टाक्याला 'पोढी' म्हणत. जुन्या लेखांत पाण्याच्या टाक्याला हाच शब्द आहे, हे त्यांनी कुठे तरी वाचलं होतं आणि शब्द त्यांना इतका आवडला होता की आमच्या गच्चीवरच्या काळ्या सिंटेक्सच्या टाकीलाही ते पोढीच म्हणायचे.

चैत्यात जाण्याआधी ते सगळ्यांना डावीकडच्या एका खोलीत नेत. आत अंधार असे. डोळे सरावले की समोरच्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांची एक ओळ दिसे. पण ती भिंतीच्या मधूनच सुरू होई. डावीकडचा हातभर लांबीचा दगड अगदी गुळगुळीत, आजूबाजूच्या दगडाहून उजळ. वडील त्या उजळ जागेसमोर उभे राहत आणि म्हणत, "इथं नाव होतं. ज्यानं किंवा जिनं ही खोली कोरून दिली, त्याचं किंवा तिचं. ते मी घासून काढलं."

गुरुवारी पाहुण्यांना, आणि निवृत्त झाल्यावर दर रविवारी जे कुणी येतील त्यांना. गेल्या हिवाळ्यात ते वारले. त्याच्या दोनच आठवडे आधीपर्यंत हे वाक्य त्यांनी कधी टाळलं नव्हतं.

घडलं होतं ते असं. वडील कंपनीत प्लेटिंग शॉपमध्ये होते. लोखंडाच्या जॉबवर, म्हणजे सुट्या भागावर, निकेलचा थर चढवायचा तर आधी तो स्वच्छ करावा लागतो. ॲसिडच्या टाकीत बुडवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, धुवायचा, पुन्हा घासायचा. तिथलं पहिलं शिक्षण हेच की जॉबवर वर जे काही असतं तो मळ असतो. गंज, ग्रीस, हाताचा घाम, सगळा मळच. खालचा धातू लख्ख दिसेपर्यंत थांबायचं नाही. थोडा जरी मळ राहिला तरी निकेलचा पापुद्रा सुटतो आणि माल परत येतो. वडील आणि त्यांचे सोबती या कामात तरबेज होते. मी लहान असताना ते घरी आले की त्यांच्या बोटांची टोकं पिवळी दिसायची.

लेण्यांत तेव्हा कुणी जात नसे. मेंढरं बसत, धनगर पावसात चूल मांडत, कुणी तरी कधी एका खोलीला चुनाही फासला होता. एका वैशाख पौर्णिमेच्या आधी प्लेटिंग शॉपच्या मंडळींनी ठरवलं की आपली जागा आपण स्वच्छ करायची. जे येत होतं त्याच पद्धतीने त्यांनी ती केली. तारेचे ब्रश आणि फरशीला वापरतात ते ॲसिड घेऊन गेले. डावीकडची खोली वडील आणि त्यांच्या एका मित्राच्या वाट्याला आली. ॲसिड पडलं की चुना फसफसून सुटायचा, त्याचा दोघांना आनंद झाला. भिंतीच्या डाव्या टोकापासून त्यांनी घासायला सुरुवात केली. ओल आणि धूर खाऊन दगडाची वरची साल मऊ झालेली होती. तीही ब्रशखाली निघून गेली आणि खालून ताजा, उजळ दगड वर आला. लख्ख. हातभर पुढे गेल्यावर चुन्याखालून एक आडवी रेघ दिसली, तिच्यापुढे एक गोल. तेव्हा ते थांबले. उरलेला चुना त्यांनी नुसत्या पाण्याने आणि बोटांनी काढला, आणि ओळ दिसली. अर्धी.

उजवीकडचं जे वाचलं त्यात शेवटी 'देयधम' आहे. म्हणजे दान. दान कुणाचं, ते डावीकडे होतं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्या लेखाचं वाचन आधी कुणी करून ठेवलंय का, हे मी कितीदा शोधलं. चुन्याखाली तो किती काळ झाकलेला होता कोण जाणे. जुन्या पुस्तकांत त्या डोंगरावर एखादं वाक्य मिळतं, लेखाचा उल्लेख मिळत नाही. वडील अधूनमधून विचारायचे, "काही लागलं का हाती?" मी नाही म्हणायचे. ते मान हलवायचे आणि पेपर उघडायचे.

लोकांना हे सगळं कशाला सांगता, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. तेव्हा त्यांनी मला कंपनीतल्या काचेच्या कपाटाची गोष्ट सांगितली. प्लेटिंग शॉपच्या दाराशी एक कपाट होतं, त्यात बिघडलेले जॉब मांडलेले असत. पापुद्रा सुटलेले, डाग पडलेले, जळलेले. प्रत्येकाला लाल चिठ्ठी, त्यावर काय चुकलं ते लिहिलेलं. चांगला माल गाडीत भरून बाहेर जायचा, वाईट कपाटात राहायचा. नवीन माणूस कामाला लागला की सुपरवायझर त्याला आधी तिथे उभा करायचा. "चांगलं बघून माणूस शिकत न्हाई," वडील म्हणाले, "चांगलं बघून त्याला वाटतं, हे सोपंय."

त्यांच्या मृत्यूनंतर रविवारी लेण्यांवर जाणाऱ्या गटातला एक तरुण आमच्या घरी आला. चाकणच्या एका कंपनीत इंजिनियर आहे. गेली काही वर्षं रविवारच्या फेऱ्या तोच जमवतो, मोबाइलवर निरोप पाठवतो, लोकांना न्यायला गाडी ठरवतो. वडिलांवर त्याचा फार जीव होता. आजारपणात त्यांना उचलून गाडीत ठेवणारा तोच. त्याने आईच्या पुढ्यात मोबाइल धरला, त्यावर एका फलकाचं चित्र होतं. डोंगराच्या पायथ्याशी, पायऱ्या सुरू होतात तिथे, एका शेतकऱ्याने जागा दिली होती. तिथे काळ्या ग्रॅनाइटचा फलक बसवायचा, वर वडिलांचं नाव आणि खाली मजकूर. ज्यांनी आयुष्यभर या लेण्यांची स्वच्छता आणि जतन केलं, अशा कामगाराच्या स्मरणार्थ. पुण्यानुमोदनाच्या स्मरणविधीसाठी रविवारी सगळ्यांनी लेण्यांवर जमायचं आणि उतरताना फलक उघडायचा.

आईला वाचता येतं, पण ती अक्षर अक्षर जोडत वाचते. तिने नावावरून बोट फिरवलं. "एवढं मोठं?" म्हणाली.

"याहून मोठं करू, काकू."

"नगं. एवढंच असू द्या." मग तिने पदर डोळ्यांना लावला.

मी विचारलं, "आणि भिंतीचं?"

तो खाली बघत म्हणाला, "ताई, ते फलकावर कसं लिहिणार?"

"लिहू नका. पण रविवारी सांगणार ना? बाबा सांगायचे तसं?"

"बाबांनी सांगितलं, बाबांना शोभलं." त्याचा आवाज मऊ होता, पण तो ठाम होता. "ताई, तुम्ही पुस्तकातल्या आहात, तुम्हाला कळतंय बाहेर काय चाललंय ते. कुठल्या कुठल्या लेण्यांत कोण येऊन काय काय बसवून जातं, शेंदूर लावून जातं. आपण ओरडतो, आमचं पुसलं म्हणून. आणि आपणच दर रविवारी पन्नास माणसांपुढे सांगायचं, एक नाव आम्हीपण पुसलं? परवा एकाने याचा व्हिडिओ टाकला. खालच्या कमेंट वाचल्यात तुम्ही?"

मी वाचल्या नव्हत्या. नंतर वाचल्या. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

वडिलांचे ते मित्र, ज्यांनी त्यांच्यासोबत ती खोली घासली, तेही त्या वेळी घरात होते. आम्ही त्यांना काका म्हणतो. मूळचे चिखली गावातलेच, आता तिथेच त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. ते बौद्ध नाहीत. मित्र निघाला म्हणून त्या दिवशी लेण्यांत गेले होते आणि पुढे आयुष्यभर जात राहिले. ते चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "तुझा बाप येडा व्हता. कंपनीत कुणाचा जॉब बिघडला की आमी गुपचूप परत टाकीत सोडायचो. ह्यो पठ्ठ्या लाल चिठ्ठी लावून सायबाच्या टेबलावर नेऊन ठिवायचा. आमाला वाटायचं, आता ह्याला गेटाबाहेर काढत्यात."

"काढलं का?" इंजिनियरने विचारलं.

"न्हाई ना! त्येच तर. सायेब ह्यालाच चांगला म्हनायचा आन् आमाला शिव्या द्यायचा." ते हसले, मग कप खाली ठेवला. "माणूस गेला, आता ऱ्हाऊ द्या म्हनतो मी. नाव लागू द्या. त्याच्या वाट्याला दुसरं काय आलं?"

ते खरं होतं. वडील भाड्याच्या खोल्यांत राहिले. हा फ्लॅट घेतला तो माझ्या नावावर. त्यांचं नाव कुठे होतं तर गेटपासवर आणि रेशनकार्डावर. आईला ते एकदा कुठे तरी दगडात बघायचं होतं, आणि ते नको म्हणण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे मला कळत नव्हतं.

त्या काळात मला झोप नव्हती आणि वाचनही होत नव्हतं. रजा काढून मी वडिलांचीच फेरी एकटीने करू लागले. चिंचवडच्या घाटावर गेले. वाड्यात गेले. तिथे शाळेची सहल आली होती. बाई मुलींना ओरडत होत्या, "हात लावू नका, फक्त वाचा!" मीही वाचत हिंडले. यापूर्वी मी या जागांवरचे फलक कधी नीट वाचले नव्हते, कारण वडील सोबत असत आणि ते बोलत असत. आता वाचले. कुणी बांधलं, कुणी जिंकलं, कोण धारातीर्थी पडलं, कुणाच्या हस्ते उद्घाटन झालं. चाकणच्या किल्ल्यावर वेढ्याची हकीकत आहे, पण तटाचे दगड नंतर कुठे गेले ते नाही. आजूबाजूच्या जुन्या घरांची जोती बघितली तर ते कुणालाही कळतं. सगळीकडे फलक तसेच होते. नासवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. मग माझ्याच वडिलांचं का असावं, असं मला वाटलं, आणि पाठोपाठ वाटलं की तसं एक तरी असावं, अशी त्यांची इच्छा होती. दोन्ही विचार घेऊन मी बुरुजाच्या सावलीत बसून राहिले. समोरच्या रस्त्यावरून कंपन्यांचे कंटेनर जात होते. जाताना जमीन हलायची.

शेवटी मी इतकंच ठरवलं की फलकाला आडवं जायचं नाही, पण रविवारी त्या खोलीत मी बोलायचं. आईला हे सांगितलं नाही.

आई लेण्यांवर कधीच आली नव्हती. गुडघे दुखतात, म्हणायची. गुडघे दुखायच्या आधी स्वयंपाक आहे, म्हणायची. भिंतीची गोष्ट घरात कधी निघत नसे. वडील रविवारी सगळ्या जगाला ती सांगत, पण आईसमोर कधी बोललेले मला आठवत नाहीत. त्यामुळे तिला ती माहीतच नसावी, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी इंजिनियर जे बोलला तेही तिने रडण्यात ऐकलं नसेल, असं मी धरून चालले होते.

पुण्यानुमोदनाच्या रविवारी सगळे पांढऱ्या कपड्यांत पायथ्याशी जमले. फलक तिथे पोत्यात गुंडाळून दगडाला टेकवून ठेवला होता. बसवायला गवंडीही आला होता. वाळू-सिमेंट कालवायचं बाकी ठेवून तो बिडी ओढत बसला होता. आईला काका आणि मी मिळून वर नेलं. दर वळणावर ती बसायची. काका म्हणाले, "वैनी, तुमाला पाटकुळी घिऊ का?"

"गप बसा. तुमचंच गुडगं मोडत्याल."

वर चैत्यात मेणबत्त्या लागल्या. त्रिशरण, पंचशील झालं. सगळ्यांनी "साधू, साधू, साधू" म्हटलं, ते दगडात घुमलं. ते संपल्यावर इंजिनियर नव्या लोकांना लेणी दाखवायला निघाला. स्तूप दाखवला, ओटे दाखवले, टाकं दाखवलं. मी त्याच्या मागेच होते. डावीकडच्या खोलीपाशी येताच तो क्षणभर अडखळला, माझ्याकडे बघितलं नाही, आणि "इकडे अंधार आहे, पुढे चला," असं म्हणून लोकांना घेऊन गेला.

मी खोलीत शिरले. लोकांना परत बोलवावं म्हणून तोंड उघडणार, तेवढ्यात बघितलं की आई आत आहे. काकांचा हात धरून भिंतीसमोर उभी.

"हीच का ती?" तिने काकांना विचारलं.

काका दाराकडे बघू लागले.

"भाऊजी, मी काय इचारती?"

"व्हय," काका म्हणाले.

आईने उजळ दगडावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग ती मला म्हणाली, "बाटली माझ्या मोरीतली होती. फरशीचं ॲसिड दारावर इकायला यायचं, ती. ह्यांनी मागितली तर मी म्हन्लं, न्या, आन् पानी घालू नका, पानी घातलं की त्याच्यात दम ऱ्हात न्हाई." तिने तळवा उचलला. "संध्याकाळी आले तर जेवले न्हाईत. म्या इचारलं न्हाई. चार दिसांनी ह्यांनीच सांगितलं. मग म्हन्ले, तुझं नाव मी कुठं घेनार न्हाई. मी म्हन्लं, मीपन तिथं येनार न्हाई."

काका पायाखाली बघत होते. म्हणाले, "वैनी, तारेचा ब्रश माझा व्हता. त्यानं माझंबी नाव कधी घेतलं न्हाई."

बाहेरून इंजिनियरचा आवाज येत होता, तो कुणाला तरी ओट्याची लांबी समजावून सांगत होता. थोड्या वेळाने आम्हाला शोधत तो दारात आला. "काकू, खाली चलायचं? गवंडी खोळंबलाय."

आईने विचारलं, "हितं कुनाचं नाव होतं, ते सापडलं का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"नाही काकू. ते आता सापडायचं नाही."

"मग ह्यांचंबी नगं. ऱ्हाऊ द्या."

"काकू, त्याचा याच्याशी काय संबंध? दगड कोरून झालाय. माणसं थांबलीत."

"ऱ्हाऊ द्या म्हन्लं ना बाबा."

त्याने पुष्कळ समजावलं. फलक खाली आहे, लेण्यात नाही. चूक जाणूनबुजून केलेली नव्हती. त्यानंतर त्यांनी इतकी वर्षं झाडलोट केली, राखण केली, त्याचं काही मोल नाही का. सगळं खरं होतं. शेवटी तो मला म्हणाला, "ताई, तुम्ही तरी सांगा." आणि मला, जिला फलक पहिल्यापासून नको होता, त्या क्षणी तो असावा असं इतकं वाटलं की मी आईला म्हणाले, "आई, नाव लागू दे ना. तुला हवं होतं ना?"

"हवं होतं," आई म्हणाली. "अजून हवंय." आणि ती खोलीतून बाहेर पडली.

गवंडी तसाच गेला. फलक काकांच्या टेम्पोत चढवून त्यांच्या वर्कशॉपमध्ये नेला. गटातले काही लोक त्या दिवशी न जेवता गेले. एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आईला नाही कळत, पण तू शिकलेली. तू थांबवायला हवं होतंस." मला त्यांचा राग आला नाही. परतताना गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती. चिखलीच्या अलीकडे वाहतूक अडकली, तेव्हा ती म्हणाली, "लावायला पायजे होता गं. माझं चुकलं." मी फोन करू का, विचारलं. ती म्हणाली, "नगं." मग पुन्हा, घर आल्यावर, चपला काढताना: "चुकलं."

आता ती हे रोज म्हणत नाही, पण आठवड्यातून एकदा तरी म्हणते. कधी वाटतं, तिने वडिलांच्या मनासारखं केलं. कधी वाटतं, आयुष्यभर त्यांनी तिचं नाव झाकलं आणि शेवटी तिने त्यांचं झाकलं, यात कुणाचं काय भलं झालं. वडील असते तर त्यांना विचारलं असतं.

इंजिनियर महिनाभर बोलला नाही. मग एका शनिवारी त्याचा निरोप आला, नेहमीसारखा, सगळ्यांना जातो तसाच: उद्या सकाळी लेणी. मी गेले. पंधरा-वीस माणसं होती, बरीचशी कंपन्यांतली तरुण मुलं-मुली, नवीन राहायला आलेली. त्याने टाकं दाखवलं, चैत्य दाखवलं, आणि डावीकडच्या खोलीपाशी येऊन बाजूला सरकला. पाठ करून बाहेर दरीकडे तोंड करून उभा राहिला, पण लोकांना पुढे नेलं नाही.

मी आत गेले. लोक मागोमाग आले. वडील कुठे उभे राहत ते मला माहीत होतं, पण मी तिथे उभी राहिले नाही, जरा अलीकडे थांबले. "इथं एक नाव होतं," मी म्हणाले. "ते माझ्या घरच्यांनी घासून काढलं." पुढचं ॲसिडचं, ब्रशचं सांगितलं. कुणाकडून काय आलं ते सांगितलं नाही. एका मुलीने मोबाइलचा दिवा भिंतीवर धरला होता. तिने विचारलं, "कुणाचं होतं नाव?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे कधीच कळणार नाही?"

"नाही."

तिने दिवा थोडा वेळ तसाच त्या उजळ दगडावर धरून ठेवला. मग बंद केला, आणि आम्ही सगळे बाहेर आलो.